तरंगत्या बाजारातील द्रव्यपरीक्षा

चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्याच्या पाठोपाठ द्रव्याचा उल्लेख येतो. बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत् हे द्रव्याचे चार गुण आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले आहेत. व्यवसायात पडल्यानंतर मात्र द्रव्याशी आपली गाठ पडते ती पोत्यात, पुडीत किंवा डबीत. ते कोणत्या भूमीत उगवले, कोणत्या ऋतूत काढले, किती दिवस कोठे ठेवले, या प्रश्नांची उत्तरे देऊ शकेल अशी व्यक्ती त्या वेळी समोर नसते. समोर असतो तो विक्रेता. आणि त्यालाही ते पोते दुसऱ्याकडून आलेले असते.

गेल्या हिवाळ्यात थायलंडमधील कालव्यांवर भरणारे तरंगते बाजार पाहण्याचा योग आम्हांस आला. सोबत काही वैद्य व एक अनुभवी औषधनिर्माते होते. प्रवासवर्णन लिहिण्याचा येथे हेतू नाही. उगवणारा आणि घेणारा समोरासमोर असले म्हणजे द्रव्याची परीक्षा कशी होते, आणि त्यांच्यात अंतर पडले म्हणजे बाजाराचे काय होते, या दोन्ही गोष्टी एकाच परिसरात, काही मैलांच्या अंतराने पाहावयास मिळाल्या. त्या आपल्या काष्ठौषधींच्या व्यवहाराशी ताडून पाहाव्यात, असे वाटल्याने हा लेख.

कालवा आणि बाजार

बँकॉकच्या नैर्ऋत्येस सुमारे १०० किलोमीटरवर राचबुरी प्रांत आहे. राचबुरी म्हणजे राजपुरी. त्याच्या शेजारचा प्रांत समुत सोंगख्राम, म्हणजे समुद्रसंग्राम. नावे अशी ओळखीची वाटू लागली की प्रवासी मराठी मनास परकेपणा उरत नाही. येथून वाहणाऱ्या मे क्लोंग आणि था चीन या दोन नद्या जोडण्यासाठी चौथा राम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजा मोंगकुट याच्या आज्ञेने १८६६ ते १८६८ या काळात एक कालवा खोदण्यात आला. त्याची लांबी सुमारे ३२ किलोमीटर. ‘दामनोन सादुआक’ या त्याच्या नावाचा अर्थ सुकर प्रवास असा होतो. राजाचे मोंगकुट हे नावही आपल्या ‘मुकुट’ शब्दाचेच रूप आहे.

कालवा वाहतुकीसाठी खोदला गेला. पण त्याच्या दोन्ही तीरांची जमीन गाळाची व सकस असल्याने तेथे बागायत वसली. मुख्य कालव्यास शेकडो लहान कालवे जोडले गेले. जमीन सखल, पाणी वर. म्हणून मातीचे उंच वाफे करून त्यांच्या मध्ये पाण्याचे चर ठेवण्याची पद्धत येथे रूढ झाली. चरातून होडी फिरवीत झाडांना पाणी द्यावयाचे आणि त्याच होडीत फळे उतरवून घ्यावयाची. नारळ, पपनस, जाम, पेरू, आंबा, मिरची, गवती चहा, आले व आल्याच्या कुळातील कंद हे येथील नित्याचे पीक. ज्याची होडी तोच बागायतदार, आणि त्याच्याच घरातील स्त्री त्या होडीत बसून माल विकणार, असा हा व्यवहार होता. रस्ते नव्हते, तेव्हा पाणी हाच रस्ता आणि पाणी हीच पेठ. आपल्याकडे श्रीनगरच्या दल सरोवरावर पहाटे भरणारा भाजीबाजारही याच जातीचा आहे.

पुढे रस्ते झाले, ट्रक आले आणि बागायतदाराचा बहुतेक माल कालव्यावरून उठून रस्त्यावर गेला. १९७० नंतरच्या दशकात दामनोन सादुआकचा बाजार पर्यटनाच्या नकाशावर आला. आज तेथे सकाळी नऊच्या सुमारास बसगाड्या येऊन थांबतात, यांत्रिक होड्यांचा धूर पाण्यावर पसरतो आणि काठावरच्या दुकानांत लाकडी हत्ती, पंखे व कापडी पिशव्या मांडलेल्या दिसतात. ताडपत्राच्या रुंद टोप्या घातलेल्या स्त्रिया होडीतून आंबा-भात, शेवयांचे सूप व सोललेली फळे विकतात. दृश्य रम्य आहे, यात शंका नाही. परंतु आम्ही दुभाष्यामार्फत चौकशी केली, तेव्हा होडीतील बराच माल मोठ्या बाजारातून विकत आणून येथे मांडलेला असल्याचे समजले. होडी तीच, टोपी तीच, वल्हे तेच. बाग मात्र त्यांच्यामागे उरलेली नव्हती.

२०२० साली परदेशी प्रवाशांचे येणे थांबले, तेव्हा या होड्या घाटावर बांधून पडल्या होत्या. बाजार ज्या ग्राहकावर उभा होता तो ग्राहकच पाहुणा होता, हे त्या वेळी उघड झाले. आता वर्दळ पुन्हा सुरू झाली आहे.

तिथीने भरणारा बाजार

तेथून जवळच, समुत सोंगख्राम प्रांतातील आम्फावा तालुक्यात, ‘था खा’ नावाचा लहानसा बाजार आहे. परंपरेने तो शुद्ध व वद्य पक्षातील द्वितीया, सप्तमी व द्वादशी या तिथींस भरत आला आहे. अलीकडे शनिवार-रविवारीही भरतो. पाच-पाच दिवसांच्या अंतराने येणाऱ्या तिथींवर बाजार बांधलेला पाहून आमच्यातील ज्येष्ठ वैद्यांस विशेष आनंद झाला. या कालव्यांचे पाणी समुद्राच्या भरती-ओहोटीने चढते-उतरते. तिथीवरून भरतीची वेळ काढता येते, हे कोकणातील वाचकांस सांगावयास नको.

येथे होड्या थोड्या आणि माल बेताचा. एका वृद्ध स्त्रीच्या होडीत चार नारळांचे घड, केळफुले, गवती चहाच्या जुड्या आणि मातीसकट काढलेले कंद होते. त्यांतील एक कंद उचलून आम्ही नाव विचारले. तिने तो हातात घेऊन मोडला आणि आमच्या नाकाशी धरला. आत फिकट पांढरा गर, वरून गुलाबी कोंब, आणि सुंठ व कापूर यांच्या मधला तीक्ष्ण गंध. तिच्या भाषेत त्याचे नाव ‘खा’. मराठी कानास गंमत वाटली. पण ती आपली कोष्ठकोळिंजनाची जात होती, अल्पिनिया गलंगा. कंद कोवळा असेल तर स्वयंपाकास आणि जून असेल तर औषधास, असा भेद तिने आपण होऊन सांगितला. केव्हा काढला, असे विचारताच तिने पहाट झाल्याची खूण केली व मागच्या वाफ्याकडे बोट दाखविले.

गुराखी, मेंढपाळ व वनात राहणारे लोक वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात, त्यांच्याकडून ती ओळख करून घ्यावी, असा उपदेश चरकसंहितेत आरंभीच आहे. रूपज्ञान त्यांच्याकडे आणि योगज्ञान वैद्याकडे, अशी ती विभागणी आहे. त्या होडीतील स्त्रीस रास्नादि गण ठाऊक नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. परंतु देश, काल, वय, गंध व संग्रहाची वेळ या पाच बाबी तिने अर्ध्या मिनिटात सांगितल्या. त्याच बाबी आपल्या पोत्यावरच्या चिठ्ठीत सहसा नसतात.

जीवकाचा वारसा

थाई वैद्यक आपल्यास अगदी परके नाही. तक्षशिलेत शिकलेला आणि भगवान बुद्धांवर उपचार करणारा जीवक यास तेथील वैद्य आपला आद्य गुरू मानतात व मर्दनचिकित्सेस आरंभ करण्यापूर्वी त्याचे स्मरण करतात. ‘तक्षशिलेभोवती योजनभर हिंडून औषध नसलेली वनस्पती आण’, अशी आज्ञा गुरूंनी दिल्यावर जीवक रिकाम्या हाताने परतला, ही कथा आपल्याप्रमाणेच तेथेही सांगितली जाते. बँकॉकमधील वाट फो या विहारात तिसऱ्या रामाच्या काळी, १८३० नंतरच्या दशकात, वैद्यकासह अनेक विद्यांचे ज्ञान शिलालेखांत कोरून ठेवण्यात आले. २०११ साली युनेस्कोने या शिलालेखांची नोंद ‘जगाची स्मृती’ या सूचीत केली. २०१९ साली थाई मर्दनपद्धतीस अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत स्थान मिळाले.

त्यांच्या शास्त्रात पृथ्वी, जल, वायू व अग्नी ही चार भूते आहेत. पित्त, वात व कफ यांनाही स्थान आहे. रस मात्र सहा नव्हेत, नऊ मानतात. कषाय, मधुर, तिक्त, कटू, लवण व अम्ल यांच्या जोडीस स्निग्ध, सुगंधी-शीत आणि मादक-विषारी असे आणखी तीन. काही जण ‘बेचव’ हा दहावाही धरतात. आपण ज्यास गुण किंवा प्रभाव म्हणू, त्यासही तेथे जिभेच्या व नाकाच्या साक्षीने रसात बसविलेले आहे. त्रिफळा व त्रिकटू ही नावेही थोड्या उच्चारभेदाने तेथे रूढ आहेत.

नाव एक, द्रव्य निराळे

येथेच सावध होण्याची जागा येते. थाई त्रिकटूत सुंठ व मिरे यांच्यासोबत ‘दीपली’ असते. नाव ऐकताच आपण ती पिंपळी समजतो. परंतु थायलंडमधील दीपली ही पायपर रेट्रोफ्रॅक्टम या वेलीचे फळ आहे; आयुर्वेदिक फार्माकोपियात पिप्पली म्हणून पायपर लाँगम मान्य आहे. पायपर रेट्रोफ्रॅक्टम आपल्याकडे चव्य म्हणून येते, आणि भावप्रकाशकारांनी चव्याच्या फळास गजपिप्पली म्हटले आहे. हेच जाड व लांब फळ आग्नेय आशियातून वाळून व्यापारात येते आणि पिंपळी म्हणून विकले जाऊ शकते. पोत्यावर ‘पिंपळी’ एवढेच लिहिलेले असेल, तर सितोपलादीत नेमके काय गेले हे कसे कळावे?

कोष्ठकोळिंजनाची गोष्ट याहून गंभीर आहे. दक्षिणेत, विशेषतः केरळात, अल्पिनिया गलंगाचा कंद रास्ना म्हणून वापरण्याची परंपरा आहे. फार्माकोपियात रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलेटाचे पान. बंगालकडे वांदा या झाडावर वाढणाऱ्या आमराच्या जातीचे मूळ रास्ना म्हणून घेतात. कंद, पान आणि मूळ. तीन कुळे, तीन प्रयोज्यांगे, नाव एकच. महारास्नादि क्वाथ आमवाताच्या रुग्णास देऊन अपेक्षित गुण आला नाही, तर आपण मात्रेचा, पथ्याचा, क्वचित निदानाचा फेरविचार करतो. बाटलीत तिघांपैकी कोण आहे, हा प्रश्न आपल्या मनात शेवटी येतो. खरे तर तो आधी यावयास हवा.

तेथील बाजारात निळ्या रंगाचे सरबत सर्वत्र मिळते. ते गोकर्णीच्या फुलांचे असते व त्यास ‘अंचन’ म्हणतात. ही गोकर्णी केरळात शंखपुष्पी म्हणून वापरतात. फार्माकोपियात शंखपुष्पी म्हणून कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस आहे. हळद, गवती चहा, कापूर आणि रानआल्याच्या जातीचा ‘फ्लाय’ हा कंद एकत्र बांधून केलेल्या स्वेदनाच्या पोटल्याही तेथे दिसल्या. आपल्या पोटली स्वेदाशी त्यांचे साम्य लक्षात आल्यावाचून राहत नाही. त्या पोटल्यांत मात्र काय आहे हे विक्रेतीने पोटली सोडून दाखविले. हळद व फ्लाय हे दोन्ही पिवळे कंद. वाळवून भरड केल्यावर डोळ्यांनी वेगळे करणे कठीण. ओले असताना लहान मुलासही फरक कळेल.

ताजेपणाची मर्यादा

येथे एक गैरसमज होऊ नये. द्रव्य ओले व समोर काढलेले आहे म्हणून ते शुद्धच आहे, असे नाही. आम्फावा परिसरात माडाच्या नीरेपासून गूळ करण्याचा जुना धंदा आहे. नीरा आंबू नये म्हणून भांड्यात एका विशिष्ट झाडाच्या लाकडाचे कपटे टाकतात. आपल्या कोकणपट्टीत त्यासाठी चुना वापरतात. त्याच माडाच्या गुळात उसाची साखर मिसळण्याचे प्रकार तेथेही चालतात, आणि खरा गूळ कसा ओळखावा हे तेथील गृहिणी परस्परांस सांगतात. मधाच्या बाबतीत आपला अनुभव याहून निराळा नाही. कालव्याचे पाणी, फवारणीची औषधे, जमिनीतील जड धातू हे होडीकडे पाहून कळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. आपल्याकडे २००० साली ‘शेड्यूल टी’ लागू झाले, ते याच कारणास्तव योग्य होते.

शिवाय सर्वच द्रव्ये ताजी श्रेष्ठ नसतात. विडंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप व मध ही जुनी घ्यावीत, असे शार्ङ्गधरांनी सांगितले आहे. उलट गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही नेहमी ओलीच वापरावीत व त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये, असाही नियम आहे. म्हणजे कोणते द्रव्य होडीतून घ्यावे आणि कोणते कोठारातून, याचा विवेक शास्त्राने आधीच करून ठेवला आहे. आपण मात्र सर्व काही एकाच वाळलेल्या रूपात घेतो.

औषधनिर्मात्याची बाजू

परतीच्या वाटेवर आमच्यासोबतच्या औषधनिर्मात्यांनी जो आक्षेप घेतला, तो येथे नोंदविणे न्यायाचे होईल. ते म्हणाले, “वैद्यराज, तुम्हांला एका रुग्णापुरती गुळवेल लागते, ती परसात मिळते. मला एका घाण्याला काही क्विंटल माल लागतो, तोही ठरलेल्या तारखेस. माझ्या दारी कोण होडी आणणार? शेतकऱ्याकडे गेलो तर त्याच्याकडे एक वर्ष माल असतो, पुढच्या वर्षी नसतो. व्यापारी निदान शब्दाला जागतो.”

हा आक्षेप खरा आहे. चतुर्गुणांत ‘बहुता’ पहिली सांगितली आहे ती उगीच नव्हे. द्रव्य उत्तम असूनही पुरेसे मिळत नसेल, तर त्याच्या जागी काहीतरी येणारच. त्यासाठीच प्रतिनिधी द्रव्यांची योजना भावप्रकाशादि ग्रंथांत केलेली आहे. प्रतिनिधी घेणे हा दोष नव्हे. तो न सांगता घेणे हा दोष होय. शास्त्रातील प्रतिनिधी वैद्याच्या बुद्धीने ठरतो, तर बाजारातील प्रतिनिधी त्या आठवड्याच्या दराने ठरतो. लेबलवर घटकद्रव्यांची खरी यादी असावी, ही कायद्याचीही अपेक्षा आहे. एखाद्या निर्मात्याने ‘रास्ना (कोष्ठकोळिंजनाचा कंद)’ असे स्पष्ट छापले, तर वैद्य त्याप्रमाणे योजना करील आणि गुण आला-न आला हे नोंदवील. नुसते ‘रास्ना’ छापले, तर त्या वैद्याचा अनुभव कोणाच्याच उपयोगी पडत नाही. शंभर वैद्यांनी वीस वर्षे लिहिलेल्या नोंदी अशाने निरर्थक ठरतात, आणि आयुर्वेदास पुरावा नाही असे म्हणणाऱ्यांस आपणच साधन पुरवितो.

आपल्या हाती असलेल्या गोष्टी

थोड्या खर्चात व आजपासून करता येतील अशा काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, काष्ठौषधींच्या बिलावर शास्त्रीय नाव, प्रयोज्यांग, संग्रहाचे ठिकाण व वर्ष यांची मागणी करावी. पहिल्या वेळी विक्रेता हसेल. दहा गिऱ्हाइकांनी मागितले की तो लिहू लागेल.

दुसरी गोष्ट, प्रत्येक नव्या पोत्यातील मूठभर नमुना तारीख घालून बरणीत ठेवावा. शंका आल्यास जवळच्या महाविद्यालयातील द्रव्यगुण विभागाकडे तो तपासणीस देता येतो. आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने किमान पन्नास प्रमाणित नमुन्यांचा संच बाळगावा आणि त्यात पिप्पली, रास्ना, शंखपुष्पी यांचे सर्व प्रकार शेजारी शेजारी ठेवावेत. नव्या वैद्यांस त्याचा फार उपयोग होईल.

तिसरी गोष्ट, जी द्रव्ये ओलीच वापरावयाची आहेत त्यांच्यासाठी तालुक्यातील पाच-दहा वैद्यांनी मिळून एखाद्या शेतकऱ्याशी वर्षभराचा करार करावा. अडुळसा, गुळवेल, शतावरी, कोहळा यांना दूरचा व्यापारी लागत नाही. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी माल यावा, वैद्याने तो मोडून, हुंगून, चाखून घ्यावा. २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या लागवडविषयक योजनांची माहिती अशा शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविणे हेही आपलेच काम आहे.

चौथी गोष्ट औषधनिर्मात्यांसाठी. सर्व द्रव्यांचा उगम एकदम शोधणे शक्य नाही, हे मान्य. आपल्या कारखान्यात सर्वांत अधिक खपणारी पाच द्रव्ये निवडावीत आणि वर्षातून एकदा, संग्रहाच्या ऋतूत, ती जेथून येतात तेथपर्यंत स्वतः जावे. पोत्याचा प्रवास उलटा करून पाहिला, म्हणजे कोणत्या टप्प्यावर काय बदलते ते कळते. त्यातील निम्मे प्रश्न दराचे नसून साठवणीचे असतात व तेथल्या तेथे सुटतात.

तरंगते बाजार पाहण्यास जाणाऱ्या वाचकांनी दामनोन सादुआक जरूर पाहावा. १८६८ पासून वाहणारा तो कालवा व त्याभोवतीची वाफ्यांची शेती पाहण्यासारखीच आहे. सवड काढून था खासारखा लहान बाजारही पाहावा. एकीकडे बाजाराचे रूप राहिले आहे आणि दुसरीकडे व्यवहार राहिला आहे. आपल्या डब्यांवरही हिरव्या पानांची व खल-बत्त्याची चित्रे भरपूर असतात. ती चित्रे पाहून औषध घेणाऱ्या रुग्णाने उद्या आपणांस विचारले की यातील मूळ कोणी, कोठून आणि केव्हा काढले, तर त्या वृद्ध स्त्रीने वाफ्याकडे जसे बोट दाखविले तसे दाखविण्यास आपल्यापाशी काहीतरी असले पाहिजे. त्याची तयारी प्रत्येकाने निदान एका द्रव्यापासून या वर्षी करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.